न लागलेली डुलकी

प्रेसची किल्ली मी फिरवली होती. मिलिंदला झोप लागली नव्हती.

ही दोन वाक्यं इतक्या वर्षांत मी कुणाजवळ बोललो नव्हतो. घरी नाही, कारखान्यात नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मनातल्या मनात त्यांना वळसा घालून गेलो. मी कमी बोलणारा माणूस म्हणून ओळखला जातो. लोकांना तो माझा स्वभाव वाटतो.

आश्विन उतरणीला लागला की लोणावळ्यातली पावसाळी गर्दी पांगते. भिंतींवरचं शेवाळ कडांनी तपकिरी होत जातं, महिनोन् महिने दमट राहिलेल्या गाद्या गच्चीवर उन्हाला पडतात. आणि मग एका सकाळी, स्कूटर कार्ल्याच्या पुढे आली की, तो वास येतो. पिकल्या भाताचा. कुणीतरी दुधाचं पातेलं मंद आचेवर ठेवून विसरून गेलंय असा काहीसा, त्यात थोडं गवत, थोडी ओली माती. स्कूटरचा वेग आपोआप कमी होतो. खाचरांवर धुकं पसरलेलं असतं आणि त्याच्यावर डोंगर नुसता ठेवल्यासारखा दिसतो, पायथ्याविना. समोरून येणाऱ्या बसचे दिवे पिवळे येतात, पिवळेच निघून जातात. अशा वेळी आपण कुठल्या वर्षात आहोत हे मला चटकन सांगता येत नाही. ऑफिसात पोचून खुर्चीत बसेपर्यंत तरी नाही.

आमचा कारखाना त्याच जुन्या रस्त्याला लागून आहे. गाड्यांचे पत्र्याचे भाग प्रेसवर ठोकून काढायचे, हे काम. आज मी वरच्या मजल्यावर काचेमागे बसतो. त्या वेळी खाली शॉपमध्ये, प्रेसच्या रांगांमधे, सुपरवायझर होतो. कुंपणापलीकडे भाताची खाचरं होती, अजून थोडी आहेत. कापणी आली की आत आणि बाहेर एकच हंगाम असायचा. निम्मी शिफ्ट रजेवर. जे कामावर येत त्यांच्या केसांत तूस, बाह्यांना कुसळं, आणि डब्याच्या पिशवीतून विळ्याची मूठ डोकावणारी. शटर उघडं असलं की तेलाच्या वासात भाताचा वास मिसळायचा. लांबून ऐकलं तर प्रेसचा आवाज झोडणीसारखा लागतो. फळीवर पेंढी आपटावी तसा, एका लयीत, दुपारभर. त्या लयीत माणसाला गुंगी येते हे खरं आहे. मला यायची. टेबलाशी बसल्या बसल्या डोळ्यांपुढे पिवळी खाचरं हलायला लागायची.

"साहेब, आज कापून आलोय, उद्या झोडायचंय," कुणीतरी म्हणायचं. "परवा येतो. मग तुमी आमाला झोडा."

या सगळ्यात मिलिंद होता. बेडश्याचा. लेण्यांच्या डोंगराखाली त्यांची दोन खाचरं, घरात आई, बायको आणि तेव्हा पाटीवर मुळाक्षरं गिरवणारी मुलगी, प्रज्ञा. शॉपमध्ये तो मोठ्या प्रेसवर असायचा. कामाला बसण्याआधी स्टूल फडक्याने पुसायचा आणि दिवसभर बोलायचा. त्याचं बोलणं प्रेसच्या ठोक्यांच्या मधल्या जागांत बरोबर बसायचं.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, दरवर्षी होते तशी. माळा मात्र त्या वर्षी फार देखण्या झाल्या होत्या. झेंडू, आपट्याची पानं आणि मधे मधे नव्या भाताच्या लोंब्या. मोठ्या प्रेसला सगळ्यांत मोठी माळ. शॉपचा रिवाज असा की ती कोजागरीपर्यंत उतरवायची नाही. का, ते मी कधी कुणाला विचारलं नाही.

दसऱ्याची सुट्टी संपून प्रेस सुरू झाले आणि मोठा प्रेस दर ठोक्याला थांबायला लागला. प्रेसच्या तोंडाशी दोन बाजूंना दोन पिवळे खांब असतात. त्यांच्यामध्ये न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. हात आत गेला, किरण तुटला, की वरचा अजस्र ठोकळा जागच्या जागी थांबतो. त्या दिवशी हात कुणाचाच आत नव्हता. लोंब्या वाऱ्याने हलत होत्या आणि पडद्यात जात होत्या.

"साहेब, माळ मधी येतीया," मिलिंद म्हणाला. "काढू का?"

"माळंला हात लावू नगं रं!" पलीकडच्या मशीनवरून कुणीतरी ओरडलं. थट्टाच होती, पण पुरती थट्टा नव्हती. मिलिंदचं घर बौद्ध. खंडेनवमीच्या पूजेला तो बाजूला उभा राहायचा, हसत पेढा घ्यायचा, आणि दसऱ्याला पांढरे कपडे घालून विहारात जायचा. माळ त्याने काढली असं उद्या कुणी म्हणायला नको, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला. निदान आला होता असं मी स्वतःला सांगत आलोय. खरं तर मीच ती माळ वीतभर वर बांधू शकलो असतो. एक दोरा लागला असता.

"राहू दे. मी बघतो," मी म्हणालो.

पॅनेलच्या मागे एक किल्ली असते. डाय, म्हणजे साचा, बदलताना पडदा तेवढ्यापुरता बंद करण्यासाठी. ती माझ्याकडे असायची, घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. मी मागे गेलो, किल्ली फिरवली, काढून खिशात टाकली.

"सेन्सर वर सरकवलाय," मी परत येऊन सांगितलं. "आता अडणार नाही."

"लय भारी," मिलिंद म्हणाला आणि पायाखालचं पेडल दाबलं. लोंब्या हलत राहिल्या. प्रेस चालत राहिला. मला आठवतं, किती सुंदर दिसत होतं ते. काळं लोखंड, केशरी फुलं, आणि शटरमधून तिरपं आलेलं ऊन.

कोजागरी झाली. माळा सुकल्या, कुणीतरी त्या इंद्रायणीत सोडून आलं. किल्ली तशीच राहिली.

विसरलो असतो तर बरं झालं असतं. मी विसरलो नव्हतो. पडदा नसला की प्रेस भराभर चालतो. कशानेच अडत नाही, बाहीने नाही, पत्र्याच्या वाकड्या कडेने नाही. माणसं कमी होती, माल जायचा होता. शिफ्टच्या सुरुवातीला पडद्यात काठी घालून मशीन थांबतं का ते बघायचं असा नियम होता; ते काम मी माझ्याकडे घेतलं. कुणी काठी शोधायला लागलं की म्हणायचो, "मी बघितलंय." जुडगं खिशात वाजायचं. घराचं कुलूप उघडताना त्या किल्लीवरून बोट फिरायचं आणि मी दुसरी किल्ली पुढे घ्यायचो.

मिलिंदने रजा मागितली होती. "माणसं नाहीत," मी म्हणालो. "सकाळी काप, दुपारी ये." म्हणून त्याच्या आईने त्याला अंधारात उठवलं. तो खाचरात उतरला, कापलं, आंघोळ करून दुसऱ्या पाळीला आला.

त्या दुपारचं मी फार लिहू शकत नाही. मी त्याच्या जवळच उभा होतो. तो मला सांगत होता की यंदा एका खाचरात इंद्रायणी तांदळाऐवजी आंबेमोहोर लावलाय. "साहेब, शिजला की वास हितवर येतोय बगा. मग तुमी जेवणाची सुट्टी टायमाच्या आधी देताय का न्हाई ते बगू." मी हसलो. एक पत्रा तिरपा बसला होता. तो सरळ करायला त्याने हात आत घातला. एरवी दिवसातून कितीदा तरी घालायचा तसाच, पेडलवरचा पाय न उचलता. पडदा थांबवतो या भरवशावर.

उजव्या हाताची तीन बोटं गेली.

सगळे त्याच्याकडे धावले. कुणी गाडी आणायला पळालं, कुणी पाणी, कुणी फडकं. मी पॅनेलच्या मागे गेलो आणि किल्ली उलटी फिरवली. मग मीही धावलो. गाडीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातं उभी होती, उन्हं कलली होती आणि सगळं खोरं सोन्यात बुडालं होतं. डोळे मिटले की अजून मला तो रस्ता दिसतो. त्या रस्त्याइतकं सुंदर मी काही पाहिलेलं नाही, आणि हे म्हणायची मला लाज वाटते.

चौकशी झाली. पडद्यात काठी घातली, प्रेस थांबला. पुन्हा घातली, पुन्हा थांबला. मग हात गेला कसा? बाजूने, खांबाच्या मागून गेला असेल. शुद्धीवरचा माणूस असा हात घालेल का? पहाटेपासून शेतात होता, झोपेच्या तारेत घातला असेल. साहेब, तुम्ही जवळ होतात ना? माझं लक्ष दुसरीकडे होतं, मी म्हणालो.

मिलिंदला दवाखान्यात विचारलं. त्याने बराच वेळ आढ्याकडे बघितलं.

"आसंल," तो म्हणाला. "डुलकी लागली आसंल."

कामगाराचा हलगर्जीपणा, असं ठरलं. त्याला स्टोअरमध्ये बसवलं. काही दिवसांनी कुणीतरी त्याला 'डुलकीशेठ' म्हणालं आणि ते नाव बेडश्यापर्यंत पोचलं. तो स्वतःच त्यावर विनोद करायचा. सुरक्षा सप्ताहात दरवर्षी आम्ही शपथ घेतो. पुढे उभं राहून ती मी सांगतो, बाकीचे हात पुढे करून मागून म्हणतात. मिलिंद डावा हात पुढे करायचा. त्याचा आवाज मला त्या गर्दीतून वेगळा ऐकू यायचा.

त्यानंतर दर कापणीला मी त्याच्या शेतावर जायला लागलो. लोणावळ्यात वाढलेला माणूस मी, पहिल्या वर्षी विळा उलटा धरला. वाकून वाकून कंबर धरायची, हाताला फोड यायचे, आणि त्यात मला एक प्रकारचं सुख वाटायचं. धुक्यात सगळ्यांच्या नुसत्या पाठी दिसायच्या. दवाने भिजलेली पानं हाताला कापायची. वर डोंगरात लेणी. ऊन तिथे आधी पडायचं, आमच्यावर मागाहून. मिलिंद डाव्या हाताने कापायला शिकला होता. उजव्याचा अंगठा आणि उरलेलं एक बोट, एवढ्यात तो भाताची मूठ धरायचा.

"साहेबांसारखा माणूस न्हाई," तो गावात सांगायचा. "दरसाल येत्यात."

त्याची आई मात्र कापणीला पुन्हा कधी शेतात आली नाही. मी त्यांना मावशी म्हणतो. दारातल्या ओट्यावर बसून असायच्या. एकदा मी पाणी प्यायला घरी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "म्या उठिवलं रं त्याला. पोर म्हणत व्हतं, आय, वाईच पडू दे. म्या म्हनलं, भात झडंल. म्या उठिवलं." तांब्या माझ्या तोंडाशी होता. मी पीतच राहिलो, रिकामा झाला तरी.

मी गेलो असं किती सहज म्हणतो मी. दरवर्षी गेलो, कापलं, जेवलो, आलो. घरी येताना पिशवीत नवे तांदूळ असायचे. बायको भात लावायची आणि घरभर आंबेमोहोराचा वास पसरायचा. मुलं विचारायची, बाबा, तुम्ही का जेवत नाही.

यंदाही गेलो. धुकं उशिरा उठलं. मिलिंदची प्रज्ञा आली होती. आयटीआय झाली, तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात प्रेसवर लागली आहे, सोमवारपासून जायचं. ओढणी कमरेला खोचून पेंढ्या बांधत होती.

"काका, आजीनं काय सांगितलंय माहितीये?" ती म्हणाली. "मला सकाळी कुणी उठवायचं नाही. गजरसुद्धा लावायचा नाही. आपोआप जाग आली तर जायचं, नाहीतर नोकरी गेली उडत."

"बराबर हाय," मिलिंद वाकल्या वाकल्या म्हणाला. "झोप पुरी करायची. मशीनपुढं डुलक्या काढायला आपल्या घरात एक मानूस बास."

"बाबा, आता मशीनला पडदे असतात. झोप लागून हात आत गेला तरी थांबतं ते."

"आमच्यात बी व्हता की."

"मग?"

"मग काय. म्या म्हणं बाजूनं घातला हात."

"बाजूनं कशाला घालशील तू?"

मिलिंद सरळ उभा राहिला. माझ्याकडे बघून हसला. त्या हसण्यात संशयाचा कणही नव्हता. "साहेबांना इचार. ते व्हते तितं."

धुक्याचा शेवटचा पदर तेव्हा बांधावरून सरकत होता. मी विळा खाली ठेवला. आणि ज्या वाक्यांना इतकी वर्षं वळसा घातला ती तोंडातून बाहेर आली, अगदी साधी, कोरडी. किल्ली मी फिरवली होती. माळेसाठी. मग माळ गेल्यावरही तशीच ठेवली. नंतर परत फिरवली. तुला झोप लागली नव्हती.

लांब कुठेतरी झोडणी चालू होती.

मिलिंद बांधावर बसला. उजवा हात मांडीवर पालथा.

"म्हंजी," तो म्हणाला, "मी जागा व्हतो?"

"जागा होतास. मला आंबेमोहोराचं सांगत होतास."

"ती झोप म्या लय हुडकली, साहेब." तो माझ्याशी बोलत होता की स्वतःशी, कळत नव्हतं. "पडल्या पडल्या आठवायचो. कवा मिटलं डोळं? कवा गेला हात बाजूनं? तितं तर मालाची पेटी आसायची. कायच गावायचं न्हाई. म्या म्हनायचो, झोपच ती, ती कशी आठवंल. माझ्याच टकुऱ्यात कायतरी बिघाड हाय." मग त्याने पालथा हात उताणा केला. "आन् तुमी दरसाल येताय ते ह्याच्यापायी?"

"हो."

"मला वाटलं, माया हाय."

तीही आहे, हे मला म्हणता आलं नाही. त्या क्षणी ते म्हणायचा अधिकार माझ्याकडे नव्हता.

प्रज्ञा पेंढी तशीच अर्धी बांधलेली धरून उभी होती. मला काका म्हणायची ती. त्या दिवशी परत म्हणाली नाही. तिने फक्त विचारलं, "किल्ली कुणाकडे असते?"

"सुपरवायझरकडे. पहिल्या दिवशी विचारून घे. आणि बसायच्या आधी पडद्यात काठी घालून बघ. रोज."

"आणि कुणी म्हणालं, मी बघितलंय?"

"तरी बघ."

तिने पेंढीतून एक काडी उपसली, हवेत आडवी धरली, तिच्याकडे बघितलं आणि टाकून दिली. मग गाठ मारली.

गेली कितीतरी वर्षं सुरक्षेच्या भाषणांत मी 'जागरूक राहा' हे शब्द वापरत आलो. माणूस जागरूक राहतोच असं नाही. तो दमतो, त्याला घरचं आठवतं, भाताचा वास येतो आणि मन उडून जातं. प्रेसला पडदा लावतात तो यासाठीच की दमलेल्या माणसाचाही हात शाबूत राहावा. मिलिंदला खरोखर झोप लागली असती तरी त्याची बोटं राहायला हवी होती. हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याच्या डुलकीवर सगळं ढकलताना तर नेमकं हेच माहीत होतं.

दुपारी जेवायला कुणी थांबलं नाही. मिलिंद उठला, विळा घेतला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "कंपनीत काय लिवून द्यायचं ते द्या."

"देतो. उद्याच देतो."

"ते तुमचं तुमी बगा. मला सांगितलंसा, आता आयला सांगा. ती माझ्या वाटणीचं बी सोसतीया. आन् मोठ्यानं सांगा. तिला कमी ऐकू येतंय. तुमच्या ह्या पुटपुटण्यानं भागायचं न्हाई."

मी त्याच्यामागून घरी गेलो. मावशी ओट्यावर होत्या, उन्हाकडे पाठ करून. मला बघून त्यांनी सरकून जागा केली, माझ्या हाताचा फोड बघितला, त्यावर फुंकर घातली. गल्लीत बायका तांदूळ निवडत होत्या. एक म्हातारा खाटेवर पडला होता. मिलिंद दारातल्या मोरीवर पाय धूत होता, मी बसलो तसा पाण्याचा आवाज थांबला.

"मावशी," मी म्हणालो, "किल्ली मी फिरवली होती."

"आं?"

समोरच्या बाईने मान वर केली.

"काय म्हणतुयास, बाबा?" मावशींनी कान पुढे केला.

"भात चांगलं आलंय," मी म्हणालो. मोठ्यानं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "तुझा पायगुण."

मोरीवर पाणी पुन्हा पडायला लागलं. त्या दिवशी मिलिंदने पिशवीत तांदूळ घातले नाहीत, आणि मला ते बरं वाटलं.

कंपनीला मी लिहून दिलं आहे. त्याचं जे व्हायचं ते होईल. लिहिणं मला जमतं. हेही लिहितोच आहे. बेडश्याच्या खाचरांत आता नुसते भाताचे खुंट उरलेत, सकाळी त्यांच्यावर दव असतं. वास अजून येतो, फिका. धुक्यातून जाताना स्कूटरवर मी एक वाक्य मोठ्यानं म्हणून बघतो. हेल्मेटमध्ये ते घुमतं आणि मलाच ऐकू येतं.

मावशी, तुम्ही उठवलंत म्हणून ते झालं नाही. मी किल्ली फिरवली म्हणून झालं. एवढंच आहे. ते ओट्यावर बसून, त्यांना ऐकू जाईल आणि गल्लीलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगायचं आहे. मी अजून सांगितलेलं नाही.